दहावीच्या जीवशास्त्राला फ्लिप्ड क्लासरूम : कोणी खरंच करून पाहिलंय का?

सातवा_तास

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात साठच्या वर मुलं, तासिका ३५ मिनिटांची, त्यातली पहिली पाच हजेरी आणि "बाई, पाणी पिऊन येऊ?" यात जातात.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात फ्लिप्ड क्लासरूमबद्दल ऐकलं. थोडक्यात, शिकवणं घरी आणि गृहपाठ वर्गात. मुलांनी पाठाचा व्हिडिओ आदल्या दिवशी घरी बघायचा, वर्गात चर्चा, प्रयोग, आकृत्या, शंका. ऐकायला झकास. पण नमुना म्हणून दाखवलेल्या वर्गात पंचवीसच मुलं आणि प्रत्येकापुढे टॅब. ते बघून आमच्या हॉलमध्ये सामुदायिक सुस्कारा ऐकू आला.

तरी मला करून बघायचंय. निमित्त विज्ञान भाग २ मधला ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’चा पहिला भाग. आधी ग्लायकोलायसिस, क्रेब चक्र (पेशीत ग्लुकोजपासून ऊर्जा मिळण्याच्या पायऱ्या), आणि त्याच पाठात पुढे पेशी विभाजन. मी फळाभर काढते, मुलं वहीभर उतरवतात. चाचणीत पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ओळीने लिहितात. पण "विभाजनाच्या आधी गुणसूत्रं दुप्पट का व्हावी लागतात?" असं तोंडी विचारलं की पंख्याकडे बघतात.

तर सुरुवात कोणत्या घटकापासून करू? मुलं घरी काही न बघताच आली तर त्या तासाचं काय करायचं? आणि मुळात हे आपल्याकडच्या वर्गात चालतं का? प्रत्यक्ष केलेल्यांनी लिहा. न केलेल्यांनीही लिहा, तुम्ही तसंही लिहिणारच आहात.

निवांत_नाना

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या वेळी झोपायला वर्गात यावं लागायचं, आता घरी सोय झाली म्हणायची.

टेक्सासची_माई

मी ह्यूस्टनजवळ पब्लिक स्कूलमध्ये नववीला बायोलॉजी शिकवते. वर्षाच्या शेवटी राज्याची स्टार परीक्षा असते, तेव्हा पोर्शनची टांगती तलवार आमच्याही डोक्यावर आहेच.

या प्रकाराची सुरुवात कोलोरॅडोतल्या वुडलंड पार्क नावाच्या लहान गावात झाली. जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स, दोघे केमिस्ट्रीचे शिक्षक. तिथली मुलं सामने खेळायला लांबच्या शाळांत जायची आणि शेवटचे तास बुडायचे. २००७ मध्ये या दोघांनी गैरहजर मुलांसाठी आपली लेक्चरं रेकॉर्ड करायला घेतली. बघतात तर हजर असलेली मुलंही ती बघतायत. मग त्यांनी विचार केला, बोलणं घरी ऐकता येत असेल तर वर्गात आपण हवे कशाला? मुलं अडतात तेव्हा शेजारी उभं राहायला.

माझा व्हिडिओ सात-आठ मिनिटांच्या वर जात नाही. सोबत एक पान असतं. त्यावर अर्धवट आकृती, जी मुलांनी पुरी करायची, आणि खाली "मला न कळलेली एक गोष्ट" एवढीच ओळ. तासाच्या सुरुवातीला मी टेबलांमधून फिरत पानं बघते. ज्याचं पान कोरं, त्याने मागच्या लॅपटॉपवर जाऊन आधी व्हिडिओ बघायचा, बाकीचे कामाला. न बघता आलेल्यांसाठी मी फळ्यावर पुन्हा शिकवत नाही. सातवा_तास, हे एक पाळा. एकदा का पुन्हा शिकवलंत, की पुढच्या वेळी कोणीही बघून येणार नाही. मुलं हुशार असतात.

एन्झाइम्स, ऑस्मॉसिस, मायटोसिस-मायोसिस, प्रोटीन सिंथेसिस यांना पद्धत छान लागू पडते. एकेक पायरी थांबवून, मागे जाऊन बघावी लागते ना. इकॉलॉजीला मात्र मी व्हिडिओ देत नाही. सरळ मैदानामागच्या ओढ्यावर नेते.

खडूफळा

निवृत्त मुख्याध्यापक आहे, तेव्हा थोडे कडू बोलण्याचा अधिकार गृहीत धरतो.

"उद्याचा पाठ वाचून या" हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत होतो. दहा मुले वाचून यायची. तीच दहा मुले आता व्हिडिओ बघून येतील. उरलेल्या पन्नासांचे काय? टेक्सासच्या ताईंच्या वर्गामागे लॅपटॉप आहे. आमच्या वर्गामागे कपाट आहे आणि त्याची किल्ली शिपाईमामांकडे आहे.

दुसरे असे की, चांगला शिक्षक फळ्यावर हृदयाची आकृती काढत काढत शिकवतो, तेव्हा रेघ आणि बोलणे एकत्र पुढे जाते. मुलांचे डोळे बघून तो थांबतो, मागे जातो. व्हिडिओला डोळे दिसत नाहीत.

चहा_कमी_साखर

शेवटच्या वाक्याला +१

शेवग्याची_शेंग

मी पालक. मुलगी नववीत, मुलगा सातवीत, घरात फोन दोन. एक यांच्याबरोबर दुकानात जातो, दुसरा माझा. लॉकडाऊनमध्ये अभ्यासासाठी म्हणून फोन मुलांच्या हातात गेला तो अजून पूर्ण परत आलेला नाही. आता शाळाच म्हणणार की रात्री फोन द्या?

आणि फोन असला तरी तो कोणाच्या हातात असतो तेही बघा. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. व्हिडिओवर वर्ग उभा केलात तर पहिल्या दिवसापासून कोण मागे पडणार ते इथेच लिहिलेलं आहे.

दोनएक्स

बारावी झालोय यंदा. आमचं ज्युनियर कॉलेज फक्त हजेरीपुरतं होतं, बाकी सगळं क्लासच्या रेकॉर्डेड लेक्चरवर. म्हणजे आम्ही अर्धेच फ्लिप्ड, घरचा भाग झाला, वर्गातला भाग कोणी केलाच नाही 😀 नीटला ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे. त्यामुळे एनसीईआरटी अक्षरशः ओळीओळीने पाठ. व्हिडिओ २एक्सवर बघताना सगळं समजतंय असं वाटायचं. पेपर सोडवायला बसलं की समजायचं काय समजलंय ते.

गावठी_डार्विन

शेवग्याची_शेंग यांचा मुद्दा बिनतोड आहे. खडूफळा सरांचा मात्र अर्धाच पटला.

थोडी संशोधनाची बाजू. २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या नियतकालिकात स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. विषय विज्ञान, गणित, अभियांत्रिकी. नुसतं व्याख्यान असलेल्या वर्गात नापास होण्याची शक्यता, मुलांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गाच्या दीडपट निघाली. परीक्षेतले गुण करत्या वर्गात सुमारे ६ टक्क्यांनी जास्त. अभ्यास महाविद्यालयीन होते, पण दिशा स्पष्ट आहे.

आता गंमत. २०१५ मध्ये जेन्सन, कमर आणि गोडॉय यांनी जीवशास्त्राच्याच पदवी वर्गावर तुलना केली. एका गटाला आशय घरी आणि त्याचं उपयोजन वर्गात. दुसऱ्याला उलट, शोधत शिकणं वर्गात आणि उपयोजन घरी. दोन्हीकडे कृती होत्या, साहित्य शक्य तितकं सारखं. गुणांत फरक पडला नाही! म्हणजे फायदा व्हिडिओचा नाहीच, मुलांनी डोकं चालवण्याचा आहे. ते तुमच्या ३५ मिनिटांत होत असेल तर घरी काय पाठवलं याने फार बिघडत नाही. आणि होत नसेल तर टॅब देऊनही काही होणार नाही.

खडूफळा

मग मी काय वेगळे म्हणालो?

गावठी_डार्विन

सर, तुम्ही म्हणालात की फळ्यावर शिकवणं पुरेसं आहे. अभ्यास म्हणतात की ते पुरेसं नाही.

निवांत_नाना

सामना सुरू झाला. चहा घेऊन येतो. बिनसाखरेचा कोणाचा होता?

हरितलवक

उशिरा आलो. सातपुड्याच्या पायथ्याला शाळा आहे आमची, रेंज डोंगर चढल्यावर येते. तरी मी हे करतो, व्हिडिओशिवाय.

घरी जातं ते अर्ध्या पानाचं झेरॉक्स, दोन मुलांत एक. नववीला सुरुवातीच्या उजळणीत मी व्हॅन हेल्माँटची गोष्ट देतो. सतराव्या शतकातला हा माणूस. त्याने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं. माती परत वाळवून तोलली तर जेमतेम २ औंस कमी. गोष्ट तिथेच तोडतो आणि खाली एकच प्रश्न : वाढलेले १६४ पौंड आले कुठून? घरात ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोला, उत्तर एका ओळीत लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी येणारी उत्तरं ऐकण्यासारखी असतात. आजोबा म्हणतात माती. वडील म्हणतात खत. आईचं उत्तर बहुतेक वेळा पाणी, आणि व्हॅन हेल्माँटचंही तेच होतं! वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार उत्तरं उभी करायची आणि भांडायला लावायचं. मातीवाल्यांना पाणीवाले हरवतात, २ औंसांचा पुरावा दाखवून. मग मी चुलीतली मूठभर राख आणि लाकडाचा एक ढलपा टेबलावर ठेवतो. एवढं लाकूड जळलं, राख एवढीच. बाकीचं गेलं कुठे? कोणीतरी हळूच म्हणतं, धुरात. हवेत. मग आलंही हवेतूनच असेल का? यावर अख्खा वर्ग हसतो, कारण हवेला कुठे वजन असतं! तिथून फुगे आणि काठीचा तराजू.

प्रकाश-संश्लेषणाचं समीकरण यातल्या प्रत्येक मुलाला सातवीपासून पाठ असतं. लाकडाचा कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलाय हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

सातवा_तास

हरितलवक, हे मी जसंच्या तसं उचलणार आहे. आगाऊ आभार.

चहा_कमी_साखर

अवांतर विचारतो. झाडाचं वजन हवेतून येतं, मग आपण बारीक होतो तेव्हा आपलं वजन जातं कुठे? मला आजवर वाटत होतं घामातून.

गावठी_डार्विन

अवांतर कसलं, हाच तर पाठ आहे. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मीरमन आणि ब्राउन यांनी हिशेब मांडला होता. १० किलो चरबीचं पूर्ण ऑक्सिडीकरण झालं तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासावाटे जातं, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. त्यासाठी बाहेरून २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षकांनाही हाच प्रश्न विचारला होता. बहुतेकांचं उत्तर : चरबीची ऊर्जा होते.

निवांत_नाना

म्हणजे आमच्या बागेतल्या हास्यक्लबात सकाळी सहा वाजता पंचवीस जण चरबी सोडतात आणि मी चालायला जाऊन ती आत घेतो. उद्यापासून दुसरी बाग.

शेवग्याची_शेंग

नाना, त्यांची पोटं बघितलीत का? काही सोडत वगैरे नाहीत ते.

दोनएक्स

मग नुसता जोरजोरात श्वास घेतला तर??

टेक्सासची_माई

चक्कर येईल. फुफ्फुसं फक्त दार उघडून देतात, कार्बन सुटा होतो तो पेशीत. आणि पेशी त्याला सुटा करते ऊर्जेची गरज असेल तेव्हाच. म्हणून चालायला लागतं, नाना.

सातवा_तास, क्रेब चक्राची सुरुवात याच प्रश्नावर करा. आधी चक्र शिकवून मग "याचा उपयोग" सांगू नका. मुलांनी घरी विचारून यायचं, की काकूंचं वजन कमी झालं ते गेलं कुठे? वर्गात ६ कार्बनच्या ग्लुकोजपासून निघायचं, ग्लायकोलायसिसनंतर ३ कार्बनचे दोन तुकडे, मग ॲसिटिल को-एन्झाइम ए होताना एक-एक कार्बन बाहेर, उरलेले चक्रात. मी सहा राजमे देते प्रत्येक टेबलाला. कार्बन डायऑक्साइड निघाला की एक राजमा टेबलाबाहेर. सहाही बाहेर गेले की विचारते, हे आता कुठे आहेत? तेव्हा एखादं पोरगं नाकापुढे हात धरून बघतं.

एक सूचना. एटीपीच्या (पेशी ज्या रेणूत ऊर्जा साठवते त्याच्या) आकड्यावर मुलांना झुलवू नका. जुन्या पुस्तकांत एका ग्लुकोजला ३८, हल्लीचे हिशेब ३० ते ३२ सांगतात. तुमच्या परीक्षेला जो आकडा लागतो तो लिहू द्या, पण तासाचा वेळ राजम्यांवर घालवा.

खडूफळा

राजमा आवडला. पण आता हिशेबाचे बोलतो.

विज्ञान भाग २ चे गुण ४०, पाठ १०. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, स्नेहसंमेलन, क्रीडा सप्ताह आणि सराव परीक्षा वजा जाता हाती किती तासिका उरतात ते सातवा_तास यांना माहीत आहे. हरितलवक यांचे झाड दोन तासिका खाते. राजमे आणखी दोन. जानेवारीत सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापन काय शिट्टी वाजवून शिकवायचे?

आणि कृतीतून शिकणे हे कोलोरॅडोहून आलेले नाही, एवढे तरी नोंदवू द्या. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. मुले गटाने प्रयोग करायची, शेतात जाऊन पाने-फुले-किडे गोळा करायची, शिक्षक उत्तर सांगत नसत. पुढे तो शेकडो सरकारी शाळांत पोचला. तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये शासनाने बंद केला. तिथे व्हिडिओ नव्हता. चांगले प्रश्न होते आणि शिक्षकांना महिन्याच्या महिन्याला एकत्र बसायला वेळ दिला जात होता. आपल्याकडे तो वेळ कोण देतो?

हरितलवक

सर, होशंगाबादला सलाम. तुमचा हिशेबही बरोबर. माझं उत्तर असं की सगळे पाठ सारखे नसतात. प्राण्यांचं वर्गीकरण मी घरी वाचायला देतो. तक्ता घरी, वर्गात एक तासिका नावं-गटं ओळखण्याचा खेळ, संपलं. तिथे वाचलेल्या तासिका झाडाला.

खडूफळा

वर्गीकरण घरी?! अहो, तोच तर हाताळून शिकायचा पाठ! गांडूळ, खेकडा, गोगलगाय, झुरळ, सगळे शाळेच्या कुंपणात सापडतात. समुद्राकाठी तर तारामासाही मिळतो. तक्ता पाठ करून कंटकचर्मी कळतो का?

हरितलवक

सातपुड्यात तारामासा कुठून आणू सर?

निवांत_नाना

कुरिअरने.

कोकणकडा७

तारामासा आमच्याकडून न्या, पण परत सोडणार असाल तरच.

मी रत्नागिरीकडे इंग्रजी माध्यमाला शिकवतो. दोन्ही गुरुजनांच्या भांडणात न पडता नववीच्या आनुवंशिकतेचं लिहितो. घरी एवढंच दिलं : मेंडेल कोण, वाटाण्याची उंच-बुटकी जोडी म्हणजे काय, आणि पनेट चौकोन, म्हणजे आईबापांच्या जनुकांच्या जोड्या मांडायचा तक्ता, बघून भरणे. वर्गात प्रत्येक बाकाला दोन नाणी. छापा म्हणजे उंचीचं प्रभावी जनुक, काटा म्हणजे अप्रभावी. दोन्ही काटे आले तरच बुटकं. प्रत्येक बाकाने वीस वेळा उडवायची.

एखाद्या बाकावर वीसच्या वीस उंच येतात, एखाद्यावर दहा-दहा. मुलं म्हणतात पुस्तक खोटं. मग सगळ्या बाकांची बेरीज फळ्यावर घ्यायची आणि गुणोत्तर ३:१ कडे सरकताना बघायचं. त्यानंतर मेंडेलचे खरे आकडे : गोल बिया ५४७४, सुरकुतलेल्या १८५०. भागाकार करा, २.९६ येतो. त्यालाही नेमके तीन मिळाले नव्हते! इतके वाटाणे त्याने का मोजले हे आता सांगावं लागत नाही. हे सगळं ३५ मिनिटांत बसतं, कारण व्याख्या घरी झालेल्या असतात. व्याख्या वर्गात घेतल्या असत्या तर नाणी खिशातच राहिली असती.

शेवग्याची_शेंग

हे आवडलं. पण पालक म्हणून विचारते, मुलगी घरी येऊन "आज सरांनी नाणी उडवायला लावली, शिकवलं काहीच नाही" म्हणाली तर मी काय समजायचं?

गावठी_डार्विन

तशी म्हणणारच. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. त्याच आशयाची एका गटाला सफाईदार व्याख्यानं, दुसऱ्याला स्वतः गटात सोडवायला लावलं. चाचणीत दुसरा गट पुढे. पण "किती शिकलात?" विचारलं तर जास्त शिकलो असं वाटत होतं व्याख्यानवाल्यांना. दोनएक्स वर म्हणाला तेच, गुळगुळीत ऐकलं की समजल्यासारखं वाटतं. डोकं खाजवायला लागलं की वाटतं आपल्याला काही येत नाही.

म्हणून सातवा_तास, हे मुलांना आणि पालकसभेत आधीच सांगून टाका. नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते.

दोनएक्स

पहिल्यांदा कोणीतरी मला संशोधनात धरलं 😎

सातवा_तास

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आमच्या वर्गात हात वर करायला लावून अंदाज घेतला. फोन बहुतेक घरी आहे, पण संध्याकाळी मुलांच्या हाती लागेल असा निम्म्यांकडेही नाही. काहींचे आईवडील कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला जातात, ती मुलं आजीकडे असतात आणि आजीकडे साधा फोन. तेव्हा व्हिडिओ सक्तीचा नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड आहे, ज्याला जमेल त्याने सरकारच्या ‘दीक्षा’ ॲपवर व्हिडिओ बघावा. सगळ्यांना सारखं जाणार ते झेरॉक्सचं अर्धं पान.

सुरुवात पेशी विभाजनापासून करायचं ठरवतेय. क्रेब चक्र आणि राजमे त्यानंतर, उलट्या क्रमाने. घरी काय द्यायचं ते कळलं : पुस्तकातली दोन पानं आणि अर्धवट आकृती. पण वर्गात साठ जणांकडून काय करून घेऊ? मायक्रोस्कोप दोन आहेत, त्यातला एक चालतो.

टेक्सासची_माई

लोकर. पाचसहा जणांचा गट, प्रत्येकाला लाल-निळी लोकर, खडू आणि कात्री. जमिनीवर खडूने मोठी पेशी काढायची. त्यात चार गुणसूत्रं : लांब लाल, लांब निळं, आखूड लाल, आखूड निळं. सांगायचं एवढंच, की या पेशीच्या दोन पेशी करा आणि दोन्हींत मूळ पेशीइतकीच गुणसूत्रं हवीत.

बहुतेक गट सरळ मधून रेघ मारतात. दोन-दोन वाट्याला येतात, आणि मग आपापसात "अरे, कमी पडतायत!" सुरू होतं. तुम्ही गप्प राहा. कोणीतरी कात्री उचलतं आणि त्याच लांबीचे, त्याच रंगाचे तुकडे कापायला लागतं. गुणसूत्रं दुप्पट का व्हावी लागतात, हा तुमचा तोंडी परीक्षेचा प्रश्न ना? तो इथे सुटतो. मग जुळे तुकडे मध्ये गाठ मारून बांधायचे, मधल्या रेषेवर मांडायचे, ओढायचे. अवस्थांची नावं सगळ्यात शेवटी.

पुढच्या तासाला तीच लोकर, फक्त अट बदला : चार पेशी, प्रत्येकीत निम्मी गुणसूत्रं, प्रत्येक लांबीचं एकेक. अर्धगुणसूत्री विभाजन. वेगवेगळ्या गटांची लाल-निळी वाटणी वेगवेगळी येईल. दोन सख्खी भावंडं सारखी का दिसत नाहीत, ते विचारायला तिथे जागा मिळते.

हरितलवक

कोऱ्या पानांचं राहिलं. आमच्याकडे लॅपटॉप नाही, म्हणून वाचून न आलेल्यांना मी पहिली सात मिनिटं दाराजवळच्या बाकांवर पुस्तक घेऊन बसवतो. तोवर बाकीच्यांचे गट होतात. मग त्यांना एकत्र ठेवायचं नाही, प्रत्येक गटात एकेक सोडायचा. गटातली मुलं त्याला आपल्यापेक्षा चांगली झापतात.

सातवा_तास

आणि टाचणवहीत काय लिहू? आमच्याकडे दर शनिवारी टाचण तपासतात. "लोकर" लिहिलं तर कार्यानुभवाचा तास समजतील.

खडूफळा

अध्यापन पद्धती : कृतियुक्त. शैक्षणिक साहित्य : गुणसूत्रांची त्रिमितीय प्रतिकृती. पूर्वज्ञान : विद्यार्थी पेशीची रचना जाणतात. मूल्यमापन : तोंडी प्रश्न. माझ्या काळात अशा टाचणावर मी स्वतः "उत्तम" शेरा दिला असता.

व्हिडिओबद्दल माझे मत कायम आहे आणि वर्गीकरणाबद्दल तर अधिकच. पण लोकरीच्या तासाला फळा रिकामा ठेवू नका. प्रत्येक गटाने आपली पेशी फळ्याच्या एकेका चौकोनात काढावी, म्हणजे साठ जणांना एकमेकांचे दिसेल.

निवांत_नाना

शेवटी फळा आणलाच सरांनी.

कोकणकडा७

तो एक चालणारा मायक्रोस्कोप वाया घालवू नका. कांद्याची मुळं दाखवा. दहावीत कांद्याची साल सगळ्यांनी बघितलेली असते, विभाजन होणारी पेशी कोणीच नाही. गटागटाने लोकर चालू असताना एकेक गट मायक्रोस्कोपवर येऊन जाईल. कांद्याला १६ गुणसूत्रं असतात, मोजायच्या भानगडीत पडू नका, नुसता मधल्या रेषेवरचा गठ्ठा दिसला तरी पुष्कळ. ४० च्या भिंगाखाली दिसतो.

सातवा_तास

त्याची पूर्वतयारी सविस्तर सांगाल का? कॉलेजात केलं होतं, आता आठवत नाही. ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रं रंगवायचा रंग) शाळेत आहे, बाटली जुनी आहे.

कोकणकडा७

बाटलीत गाळ बसला असेल तर गाळून घ्या. जुनी वाळकी मुळं कापलेला कांदा पाणी भरलेल्या ग्लासवर असा ठेवायचा की फक्त बूड पाण्याला टेकेल. पाणी रोज बदला. तीन ते पाच दिवसांत दोन-तीन सेंटिमीटर मुळं येतात. सकाळी आठ-दहाच्या सुमारास टोकं कापा, एक भाग ॲसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलच्या मिश्रणात दिवसभर ठेवा. दुसऱ्या दिवशी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालून किंचित गरम करा, धुवा, रंग द्या, आणि टोकाचा फक्त एक-दोन मिलिमीटर भाग काचपट्टीवर घेऊन आच्छादन काचेवरून अंगठ्याने सरळ दाबा. अंगठा फिरवू नका, पेशी गुंडाळल्या जातात. आम्ल तुम्हीच हाताळा, मुलांकडे देऊ नका.

आणि कांदे चारपाच ग्लासांवर ठेवा. एखादा कुजतोच.